मोठा हार

गाड्या आपसांत बोलत आणि माणसं बिचारी ऐकून घेत, त्या काळातली ही गोष्ट. दसऱ्याच्या सकाळी मार्केट यार्डात तीन पिकअप धुऊनपुसून हारांची वाट बघत उभ्या होत्या. मोठा हार कुणाला, यावरून त्यांची जुंपली होती.

"एका टाकीत मी दोन जिल्हे पालथे घालते," पांढरी म्हणाली.

"भरलेली ट्रॉली ओढते मी," लाल म्हणाली.

"आणि मी आजवर कधी बंदच पडले नाही," निळी म्हणाली.

तेवढ्यात झेंडूच्या हारांनी भरलेला म्हातारा टेम्पो फाटकातल्या चिखलात रुतला. "जरा ओढता का गं कुणी?" त्याने विचारलं.

पांढरीला ॲव्हरेज पडायची भीती. लालचा हूक कालच रंगवलेला. निळी म्हणाली, "चिखलात बंद पडले तर माझं नाव जाईल." आपले हार त्याच टेम्पोत आहेत, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी शेजारच्या गोठ्यातल्या रेड्याने टेम्पो ओढून काढला. टेम्पोने मोठा हार त्याच्याच गळ्यात घातला.

पांढरीने नाक मुरडलं. "ॲव्हरेज किती देतोस रे तू?"

रेड्याने हारातलं एक फूल सावकाश चावून गिळलं.

"तुझ्याइतकं नाही, बाई. मला जागचं हलावं लागतं."