चार गावांना दिलेला पत्ता

"मग मी आता जाऊ का, बुवा?"

जयवंताने तिसऱ्यांदा विचारलं. नागेशबुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

बुवांनी उमेदीची तीस वर्षं जमिनी मोजण्यात घालवली आणि मग डोंगरावरच्या या मठात येऊन बसले. जयवंत त्यांच्याकडे नकाशे शिकायला आला, त्याला तीन वर्षं झाली होती. पोरगा हुशार, त्यात वादच नाही. पण आपण हुशार आहोत हे तो घटकाभरही विसरायचा नाही, आणि तिथेच घोडं पेंड खायचं.

बुवांची अट एकच होती. मठातल्या संगणकावर अशी सेवा उभी कर, की खालच्या गावांनी नकाशात आपल्या विहिरीवर बोट ठेवावं आणि कुठल्या उताराचं पाणी तिथे उतरतं ते त्यांना दिसावं. त्यावरून गावं चर खणणार होती, आणि सोमवारी सुरुवात होती. ते जमलं की तू मोकळा.

जयवंताने पंधरा दिवसांत जमवलं. चारही गावांना त्या सेवेचा पत्ता कळवून टाकला.

"चालतंय?" बुवांनी विचारलं.

"बघा ना." त्याने पडद्यावरच्या एका विहिरीवर टिचकी मारली. क्षणात निळा उतार उमटला... खरंच देखणं काम होतं.

तेवढ्यात पिंपळदऱ्याच्या सरपंच कुसुमताईंचा फोन आला. सकाळपासून बघतेय, काहीच उघडत नाही, असं त्या म्हणत होत्या. जयवंताने त्यांना मोबाइल बंद करून चालू करायला सांगितलं, पत्ता नीट टाका म्हणून बजावलं आणि फोन ठेवून वैतागला. लोकांना साधा पत्ता टाकता येत नाही, म्हणाला.

बुवांनी हात झटकले. आपला मोबाइल काढला, तोच पत्ता टाकला आणि त्याच्यापुढे धरला.

कोरा पडदा.

"हा पत्ता कुणाचा रे?"

जयवंताने पत्ता पुन्हा वाचला आणि त्याचे कान लाल झाले.

त्या पत्त्याचा अर्थ होता, 'हेच यंत्र'. ज्या यंत्रावर टाकाल, ते स्वतःलाच विचारणार. मठातल्या संगणकाने स्वतःला विचारलं, त्याला उत्तर मिळालं. कुसुमताईंचा मोबाइल बिचारा स्वतःतच शोधत बसला. ही चूक नवशिके एकदा तरी करतातच, पण ती कुणी सरपंचांच्या माथी मारत नाही.

तासाभरात त्याने सेवा बाहेरच्यांना खुली केली, मठातल्या संगणकाचा खरा पत्ता गावांना पाठवला आणि कुसुमताईंना आपणहून फोन करून माफी मागितली. उतार दिसला, त्या म्हणाल्या, आम्ही तर भलत्याच अंगाला खणणार होतो. जयवंताला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसत बसला.

मग तो बुवांजवळ येऊन शेंगा सोलू लागला. जाण्याचा विषय त्याने काढला नाही.

"बुवा, मी चार गावांना त्यांच्याच दारात पाठवलं होतं."

"माणसाला स्वतःच्याच दारात पाठवायचं काम माझं आहे," बुवा म्हणाले. "तू पाणी बघ... आणि जा आता."