काडी पोचली का?

एका गावात पाण्याची पाळी कडब्याच्या काडीवर ठरत असे. गावाला कालव्याची एक चारी होती आणि त्या चारीवर बेचाळीस शेते होती. दर पंधरवड्याला कालव्याचे पाणी सुटे. ते कुणाला किती मिनिटे द्यायचे हे पाणीसंस्थेच्या वहीत लिहिलेले होते. पण ती मिनिटे कधीपासून मोजायची हे वहीत नव्हते. ते बाळकू तात्यांना ठाऊक होते.

तात्या गावचे पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारे. एका शेताची पाळी संपली की ते त्या शेताचे तोंड बंद करत, चारीत कडब्याची एक काडी टाकत आणि तिच्याबरोबर बांधावरून चालू लागत. काडी पुढच्या शेताच्या तोंडाशी आली की हाक देत, "काडी पोचली!" तिथून त्या शेताची पाळी सुरू. तीस वर्षे असे चालले. गाव म्हटले की भांडणे असायचीच, पण पाण्यावरून कुणी कुणाच्या अंगावर धावून गेले नाही.

मग तात्यांचे गुडघे गेले. चार पावले चालले तरी त्यांना बसावे लागे.

त्याच गावातली स्नेहल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकत होती. हे नेमके काय शिक्षण आहे ते गावात कुणाला धड ठाऊक नव्हते, पण मत मात्र प्रत्येकाला होते. कुणाचा टीव्ही बिघडला की स्नेहलला बोलावणे येई. तिच्या मामाला वाटे की ती बँकेत चिकटेल. चुलत्याचे तर ठाम म्हणणे होते की एवढे शिकून शेवटी तालुक्याला झेरॉक्सचे दुकानच टाकायचे असते.

विद्यापीठात गेल्यावर स्नेहलला वेगळेच दिसले होते. तिच्या वरच्या वर्गातली एक मुलगी हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या संस्थेत लागली होती. एक जण समुद्रातल्या होड्यांना वाट दाखवणारे नकाशे करत होता, तर दुसरा विद्यापीठातच थांबून शिकवू लागला होता. जिथे काही मोजायचे असते, लक्षात ठेवायचे असते किंवा ठरवायचे असते, तिथे या शिक्षणाला काम होते. अट एकच, की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चांगला हवा. त्या वर्षी एक मोठी कंपनी येणार होती. सगळे प्रोजेक्ट बघून ती एक निवडणार होती, आणि तो करणाऱ्या दोघांना तिथेच नोकरी मिळणार होती.

प्रोजेक्टमधला स्नेहलचा जोडीदार होता निनाद. दोघांनी ठरवले, गावच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम करायचा. मोबाइल वाजला की ज्याने त्याने आपल्या शेताचे तोंड उघडायचे, पुन्हा वाजला की बंद करायचे. पाटकऱ्याने उन्हातान्हात चालायची गरज नाही. पाणीसंस्थेच्या चेअरमनना कल्पना फार आवडली आणि त्यांनी वही काढून दिली.

स्नेहल तात्यांकडेही गेली होती. तशी शहाणी मुलगी ती.

"तात्या, पाळी कशी लावता तुम्ही?"

"वहीत हाय की समदं," तात्या म्हणाले. "नाव, रान, मिनिटं. आन् मग काडी..."

"काडी राहू द्या आता," स्नेहल हसत म्हणाली. "काडीचं काम मोबाइल करणार."

तात्याही हसले. शिकलेली पोर आहे, तिला ठाऊक असेल, असे मनाशी म्हणून ते गप्प बसले. स्नेहलने वहीतले सगळे आकडे उतरवून घेतले, चहा प्यायली आणि निघाली.

प्रोग्राम झाला. एकाची पाळी संपली की त्याच क्षणी दुसऱ्याची सुरू, असा त्याचा हिशोब. फेब्रुवारीत पाणी सुटले आणि बेचाळीस मोबाइल आपापल्या वेळी वाजले. लोक खूश झाले. चेअरमननी शालही दिली. दीड महिन्यात तीन वेळा पाणी सुटले आणि तीनही वेळा एकही तक्रार आली नाही. निनादने मोठ्या अक्षरांत एक तक्ता केला आणि त्यात लिहिले: शेते बेचाळीस, तक्रारी शून्य.

कंपनीची माणसे यायला तीन दिवस उरले होते. तक्त्याशेजारी लावायला फोटो हवा म्हणून स्नेहल गावी आली आणि चारीच्या कडेने चालत निघाली. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते, असा फोटो तिला हवा होता.

एक्केचाळिसाव्या शेतापर्यंत सगळी राने एकमेकांना लागून होती. त्यानंतर मात्र मुरमाड माळ लागला. स्नेहल चालली, चालली, तरी बेचाळिसावे शेत येईना. आपण याच गावात वाढलो आणि इथवर कधी आलो नाही, याचे तिला नवल वाटले. माळाच्या टोकाला हौसाक्कांचे अर्धा एकर रान होते. त्यात उन्हाळी भुईमूग होता. वरचे तीन वाफे हिरवेगार होते आणि खालच्या सगळ्या वाफ्यांनी माना टाकल्या होत्या. हौसाक्का खुरपे घेऊन चारीतले गवत काढत होत्या.

"आक्का, पाणी मिळत नाही का तुम्हाला?"

"मिळतंय की! पंचेचाळीस मिनिटं. मोबाइल सांगतोय न्हवं."

"मग हे असं का?"

हौसाक्कांनी खुरपे खाली ठेवले. "माजंच कायतरी चुकतंय बाई. पयल्यांदा वाटलं वाफं नीट न्हाईत, म्हनून समदं वाफं मोडून परत बांधलं. मग वाटलं चारीत गवत लई. आता ती काढतीया. हात चालत न्हाईत पयल्यासारखं. धाकटं दीर म्हनत्यात, वैनी, तुमास्नी आता हुईत न्हाई, रान वाट्यानं द्या. म्या हो म्हनलंय. ह्यो भुईमूग निघाला की दिऊन टाकायचं."

"पण आक्का, तुम्ही एकदा तरी कुणाला विचारायचं होतं!"

"काय इचारायचं? कॉम्प्युटर कशाला खोटं बोलंल?"

स्नेहल मागे वळून त्या लांबलचक माळाकडे बघत राहिली. आधीच्या शेताकडून इथवर पाणी यायला किती वेळ लागत असेल? आणि तेवढा वेळ कुणाच्या पाळीतून जात असेल? वरून पाणी बंद झाले की वाटेतले उरलेले पाणी मुरमात जिरून जात होते. तिला सगळे एकदम कळले.

तिने तिथूनच निनादला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"तक्रार आली आहे का?" त्याने विचारले.

"नाही."

"मग शून्य लिहिलंय ते खोटं नाही. निवड झाली की मी स्वतः येऊन दुरुस्त करतो, शब्द देतो. पण तीन दिवस गप्प बस. नोकरी तुझ्या एकटीची नाही, स्नेहल."

त्याचे बोलणे वाईट माणसाचे नव्हते. त्याच्या घरी त्याच्या नोकरीची वाट बघत होते, तशी हिच्याही घरी बघत होते. स्नेहल बराच वेळ माळावर बसून राहिली. तीन दिवसांनी सांगितले काय आणि आज सांगितले काय, भुईमूग तर वाळलाच होता. असे ती स्वतःला समजावत होती. पण मागे हौसाक्का पुन्हा गवत काढायला लागल्या होत्या. चूक नसलेल्या ठिकाणी ती बाई चूक शोधत होती, आणि हे काही स्नेहलला बघवेना.

ती उठली. हौसाक्कांजवळ जाऊन खाली बसली.

"आक्का, कॉम्प्युटर खोटं बोलला नाही, पण त्याला मी चुकीचं शिकवलं. पाणी इथं पोचायच्या आधीच तुमची मिनिटं मोजायला लागतात. तुमचं पाणी मी तोडलं."

हौसाक्कांनी गवत काढायचे थांबवले.

"म्हंजी माजं चुकत न्हवतं?"

"नाही आक्का."

"वाफं बराबर हुतं?"

"बरोबर होते."

"माजं चुकत न्हवतं," हौसाक्का पुन्हा म्हणाल्या, जणू माळालाच सांगत होत्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. स्नेहललाही रडू आवरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तात्यांना स्कूटीवर मागे बसवून चारीवर घेऊन आली. नशिबाने पाळी नसतानाही चारीला पाणी होते.

"तात्या, तुम्ही मला काडीचं सांगितलं का नाहीत?"

"सांगाय लागलो हुतो," तात्या म्हणाले. "तू हसलीस."

"आता सगळं सांगा," स्नेहल म्हणाली. मग एकेका शेताच्या तोंडाशी ती तात्यांना स्कूटीवरून नेऊन बसवी, ते काडी टाकत आणि ती काडीबरोबर पुढच्या शेतापर्यंत चालत जाई. बेचाळीस शेते, बेचाळीस काड्या. बाकीच्या शेतांना मिनिट, दीड मिनिट लागले. हौसाक्कांच्या शेताशी काडी पोचायला एकतीस मिनिटे लागली. पंचेचाळीसातली चौदाच मिनिटे त्या बाईच्या वाट्याला येत होती.

ठरल्या दिवशी कंपनीची तीन माणसे आली. निनाद तक्त्याशेजारी उभा होता. स्नेहलने प्रोग्राम चालवून दाखवला आणि मग म्हणाली, "इथे तक्रारी शून्य लिहिलं आहे, ते खरं आहे. पण एका शेताचं पाणी आम्ही तीन वेळा तोडलं. तक्रार आली नाही, कारण त्या आक्कांना वाटलं की चूक त्यांचीच आहे."

तिघांतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला.

"बेचाळिसात एक," त्या म्हणाल्या. "तशी मोठी चूक म्हणता येणार नाही."

"आपल्याला बेचाळीस आहेत, मॅडम," स्नेहल म्हणाली. "आक्कांना एकच शेत आहे."

त्या दिवशी निवड झाली ती चेहरा बघून हजेरी घेणाऱ्या एका प्रोजेक्टची. निनाद आठ दिवस स्नेहलशी बोलला नाही. त्याचा राग खोटा नव्हता आणि तिनेही त्याला रागावू दिले. नवव्या दिवशी तो आपणहून आला आणि म्हणाला, "चल, आधी ते दुरुस्त करू."

स्नेहलला नोकरी लागली ती पुढे चार महिन्यांनी, दवाखान्यांसाठी प्रोग्राम करणाऱ्या एका लहान कंपनीत. प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचे काम. पहिल्या दिवशी तिच्यापुढे तक्रारींची यादी ठेवली, तेव्हा तिने विचारले, "ज्यांची एकही तक्रार येत नाही, असे दवाखाने कुठे आहेत? तिथे मला आधी जायचं आहे." तिथली माणसे एकमेकांकडे बघू लागली. पण तिला जाऊ दिले.

हे पुढचे झाले. त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली.

एप्रिलमध्ये पुन्हा पाणी सुटले. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर एक हिरवे बटण आले होते. त्यावर लिहिले होते, 'काडी पोचली'. पाणी शेताच्या तोंडाशी आल्यावर शेतकऱ्याने ते दाबायचे, तिथून मिनिटे मोजायची. हौसाक्कांनी चष्मा लावून बटण दाबले आणि घड्याळ घेऊन बांधावर बसल्या. त्या दिवशी पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेले. धाकट्या दिरांनाही त्यांनी सांगून टाकले होते, "रान माजं म्याच करनार."

पाळी संपताच विद्यापीठात स्नेहलचा फोन वाजला.

"स्नेहल, तुजं कॉम्प्युटर चुकलंय बग," हौसाक्का मोठ्या आवाजात म्हणाल्या. "चव्वेचाळीस मिनिटांतच बंद करा म्हनतंय. म्या घड्याळ लावून बसलीया. माजं एक मिनिट कुटं गेलं?"

निनादने तपासले. खरेच एक मिनिट कमी मोजले जात होते. स्नेहलने फोन कानाशी तसाच धरला होता, आणि आनंदाने ती हसत होती.

"बरोबर आहे आक्का," ती म्हणाली. "तुमचं नाही, त्याचंच चुकलं."

मग ती उठली, भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली आणि तक्रारींपुढचे शून्य खोडून तिथे एक लिहिले.

तात्पर्य: यंत्राला शिकवण्याआधी जाणत्या माणसाचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, आणि कुणी तक्रार करत नाही म्हणून आपले काम चोख आहे असे न समजता, सर्वांत शेवटच्या माणसापर्यंत चालत जाऊन स्वतः पाहावे.