तिसरी वेळ

"बाई, तिसरी वेळ कशी बदलायची?"

नेनेबाई पडवीत पाटावर बसून डाळिंब्या सोलत होत्या. भिजून मोड आलेला वाल बोटांत धरायचा, चिमटायचा, साल एका ताटात आणि डाळिंबी दुसऱ्यात. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी पाणी पी," त्या म्हणाल्या.

रूपेश शिगवण पाणी प्यायला. चार रात्रींत त्याचं तोंड पार उतरलं होतं. एरवी त्याचा तोरा काय विचारता! तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंच्या हाताखालून सव्वीस बॅचेस गेल्या, पण आपल्यासारखा विद्यार्थी त्यांना दुसरा मिळाला नाही, असं तो चारचौघांत सांगत असे. आणि वाईट म्हणजे ते खरं होतं.

केळंबा धरणाच्या नियंत्रण कक्षात तो नोकरीला होता. तिथला नियम साधा होता. दरवाजे उघडण्याआधी कॉम्प्युटरवर इशाऱ्याची फाइल लिहायची, आणि ती समोर ठेवून खालच्या तीन गावांच्या पोलीस पाटलांना फोनवर शब्दशः वाचून दाखवायची. मगच दरवाजे.

मंगळवारी पहाटे रूपेशचा खुर्चीतच डोळा लागला. परतीचा पाऊस वरती डोंगरात कोसळत होता. पातळीची घंटा वाजली तेव्हा पाणी धोक्याच्या रेषेला टेकलं होतं. तो दचकून उठला आणि त्यानं आधी दरवाजे उघडले. पाच चाळीसला. इशारा लिहिला सहा पाचला.

खाली ओहोटीच्या वेळी खारवाडीच्या बायका नदीत मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होत्या. चौघी वाहून गेल्या. तिघींची प्रेतं सापडली.

सोमवारी चौकशी समिती येणार होती, आणि त्या फाइलवर कॉम्प्युटर आपोआप टाकतो त्या वेळा रूपेशनं शुक्रवारी दुपारी बदलल्या होत्या.

खिशातून त्यानं एक चिठ्ठी काढून बाईंसमोर ठेवली. "लिहिल्याची वेळ, पाच दहा. वाचल्याची वेळ, पाच बारा. एका सिस्टिम कॉलमध्ये, एकाच आज्ञेत, दोन्ही बसवल्या. पण तिसरी..."

"फाइलला शेवटचा हात लावल्याची."

"हो. ती शुक्रवारचीच दिसते. दुपारी दोन सत्तेचाळीस. तो कॉल दोनच वेळा घेतो. तिसरी वेळ सिस्टिम स्वतः टाकते."

"मीच शिकवलं होतं ते."

"माहीत आहे, बाई. पण त्यालाही वाट असणार. तुम्हाला ठाऊक असणार."

"आहे," बाई म्हणाल्या. "मला ठाऊकही आहे."

रूपेशनं इतका मोठा श्वास सोडला की चिठ्ठी हलली.

बाईंनी आणखी दोन-तीन वाल सोलले.

"तो कॉल कशासाठी आहे म्हणून शिकवलं होतं मी?"

"बॅकअप परत चढवताना... जुन्या फायलींच्या मूळ वेळा राखायला."

"राखायला."

बाईंनी नवा वाल उचलला.

"दर शनिवारी खारवाडीची दुर्पदा यायची, मुळे घेऊन," बाई म्हणाल्या. "आज शनिवार आहे. मुळे नाहीत, म्हणून डाळिंब्या."

रूपेशला चौघींतलं एकही नाव माहीत नव्हतं. पेपरात नावं आली होती, त्यानं वाचली नव्हती. दुर्पदा सापडलेल्या तिघींतली, की चौथी? विचारायला त्याची जीभ रेटेना.

"बाई, माझी नोकरी जाईल. खटला होईल. घरी आई आहे, बायकोला सातवा महिना आहे."

"होय."

"मी मुद्दाम केलं नाही."

"नाही केलंस."

बाई हे इतक्या सरळ म्हणाल्या की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून हे वाक्य त्याला कोणीच म्हटलं नव्हतं.

"मग सांगा ना, बाई."

"सांगते. पण काम चोख आहे का ते आधी बघू." त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि चिठ्ठी हातात घेतली. "वाचल्याची वेळ का बदललीस? नुसती लिहिल्याची बदलून भागलं असतं."

इथे मात्र जुना रूपेश जागा झाला. "हेच तर लोक विसरतात, बाई! लिहिल्याची वेळ बदलतात आणि वाचल्याची तशीच सोडून देतात. मग पकडले जातात. इशारा लिहिला की लगेच वाचावा लागतो. म्हणून दोन मिनिटांचं अंतर ठेवलं."

"हुशार आहेस."

तो किंचित हसलासुद्धा.

"आता मी समिती," बाई म्हणाल्या. "कक्षात त्या वेळी कोण होतं?"

"मी. एकटाच."

"पाच दहाला इशारा कोणी लिहिला?"

"मी."

"पाच बाराला तो कोणी वाचला?"

"मीच."

"दरवाजे?"

"पाच चाळीसला. ती नोंद दरवाजांच्या यंत्रात आहे, तिला हात लावता येत नाही."

"पोलीस पाटलांना फोन?"

रूपेशनं ओठांवरून जीभ फिरवली. "सहा दहा."

"तेही बदललंस?"

"ते टेलिफोनवाल्यांकडे असतं, बाई."

"म्हणजे पाच बाराला पाणी येणार हे तू वाचलंस."

"हो."

"अठ्ठावीस मिनिटं हातात होती. फोन शेजारी होता. नदीत बायका असतात, हे धरणावरच्या शिपायालाही ठाऊक आहे."

"बाई..."

"कोणाला कळवलं नाहीस. आणि पाच चाळीसला दरवाजे उघडलेस."

रूपेशनं चिठ्ठीकडे हात नेला आणि तो तसाच अधांतरी राहिला. त्याच्याच अक्षरातले आकडे होते. त्यानं ते पन्नासदा तपासले होते. एकदाही वाचले नव्हते.

"पण तसं झालंच नाही," तो पुटपुटला. "मी तर..."

"तू तर काय?"

"...झोपलो होतो."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"खऱ्या वेळेत तू झोपला होतास, रूपेश," त्या म्हणाल्या. "या चिठ्ठीवरच्या वेळेत तू जागा आहेस."

तो पायरीवरच बसला. अगदी बारीक आवाजात त्यानं विचारलं, "आणि... तिसरी वेळ?"

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"तिला हात लावू नकोस. बाकीच्या दोन शुक्रवारी बसवलेल्या आहेत, हे तीच सांगते. तुझ्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच उरली आहे."