तबिताबाईचा दोर

करंजवडीच्या ख्रिस्ती वस्तीत, छोट्या देवळालगतच्या खोलीत, सिलासबाबा राहत असत. अंगात खादीचा झगा, पायांत काही नाही. त्यांच्या प्रार्थनेवर सगळ्या पंचक्रोशीचा विश्वास होता.

त्याच वस्तीतली तबिता ही विधवा बाई घायपाताचे दोर वळून मंगळवारच्या बाजारात विकायची. पहिल्यांदा बाजाराला निघाली तेव्हा ती बाबांच्या आशीर्वादाला आली होती. बाबा म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक हा आपला शेजारीच. त्याच्या विहिरीत आपल्यालाच उतरायचं आहे असं समजून दोर विकत जा."

तबितेने ते मनावर घेतले. "दादा, हा गुरं बांधायला चालेल, विहिरीला नेऊ नका," असे ती आपणहून सांगे. बाजारात ती गोणपाट अंथरून बसे, त्याच्या समोरच लूकसचे दोरांचे मोठे दुकान होते. तो हसून म्हणे, "आपल्याच मालाला नावं ठेवते. हिचा धंदा कसला होतोय!"

पण वर्षभरात लोक त्याच्या दुकानावरून पुढे जाऊन तिच्या गोणपाटाशी थांबू लागले. लूकसचा माल काही वाईट नव्हता, गोडही बोलायचा तो. मग लोकांना तिच्यात काय दिसते? रविवारी देवळात तिचा आवाज कानी पडला तरी त्याचे गाणे अडू लागले. एके दिवशी त्याची बायको सहज म्हणाली, "आपल्या विहिरीला तबिताबाईंकडचाच दोर आणा, खात्रीचा असतो." तो ताट तसेच सोडून उठला.

पुढच्या मंगळवारी तबिता पाणी प्यायला उठली. लूकसने झटकन जाऊन तिच्या सर्वांत जाड दोराचे वेटोळे उलगडले, तीन पेडांपैकी दोन विळ्याने कापले आणि ते होते तसे गुंडाळून ठेवले. 'एकदा दोर तुटला की बोलबाला संपेल,' एवढेच त्याच्या मनात होते. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आले. तो दोर कुणी नेला, हे त्याने पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या विहिरीतला गाळ काढायचे काम चालले होते. लूकस बघायला गेला. त्याने आत डोकावले आणि कालचा तो जाड दोर ओळखला. त्याचा थोरला भाऊ योना दोराला धरून वर येत होता आणि त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर दोर एकाच पेडावर लोंबकळत होता. तोही पेड उलगडत चाललेला. चौघे जण ओढत होते.

पलीकडे बाबा डोळे मिटून, मुठी घट्ट आवळून प्रार्थनेला बसले होते. कपाळावरून घाम गळत होता.

योनाने काठावर पाय ठेवला आणि त्याच क्षणी दोर तुटून खाली गेला.

गलका ऐकून तबिता धावत आली. दोराचे वरचे टोक हातात घेऊन ती रडू लागली. "योनादादा, चूक माझी आहे. विकण्याआधी मी ह्या दोरावरून हात फिरवून पाहायला हवा होता. मला क्षमा करा."

लूकसला ते ऐकवेना. त्याने बाबांकडे पाहिले. बाबांनी मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांची कातडी सोलवटून निघाली होती आणि त्यांवर पिळाचे लाल वळ उमटले होते. काठापासून वीस पावलांवर बसलेल्या माणसाचे हात होते ते.

"लूकस," बाबा हळूच म्हणाले, "फार जड होता रे तो दोर. नुसत्या योनाचं वजन नव्हतं ते."

लूकस त्यांच्या पायांवर पडला. "बाबा, दोर मी कापला. मला तिचं चांगलं बघवत नव्हतं."

बाबांनी त्याला उठवले. "क्षमा प्रभूकडे माग. आणि माथा टेकायचा तो तिच्यापुढे टेक."

सगळ्या वस्तीसमोर, भर उन्हात, लूकस तबितेसमोर गुडघ्यांवर आला आणि त्याने मान खाली घातली. तबितेने डोळे पुसले, त्याचा दंड धरला आणि ती म्हणाली, "उठा भाऊ. आधी बाबांच्या हातांना तेल लावू या."