इटुकलीची आई स्क्रीनवर येईना

एक होतं पालीचं पिल्लू. केवढं? चवळीच्या शेंगेएवढं? छे छे! चवळीच्या दाण्याला शेपूट फुटावी, तेवढं. नाव इटुकली.

इटुकली राहायची हौसाकाकूंच्या भज्यांच्या दुकानात. भिंतीवरच्या घड्याळामागे. आणि तिची आई? ती लांब सोलापुरात. काकूंची लेक वनिता नोकरीला सोलापूरला निघाली. तिनं खोकी भरली. एका खोक्यात इटुकलीची आई डास शोधत बसली होती. खोकं बंद झालं. आई गेली की हो खोक्याबरोबर!

पण रोज संध्याकाळी एक गंमत व्हायची. काकू मोबाईल बरणीला टेकवायच्या. वनिताला व्हिडिओ कॉल लावायच्या. स्क्रीनवर वनिता दिसायची. आणि वनिताच्या मागे, भिंतीवर, कोण? इटुकलीची आई!

आई म्हणायची, "चुक चुक."
इटुकली म्हणायची, "चुक चुक."
मगच इटुकलीला झोप यायची.

एके दिवशी काय झालं? वनिता बोलत होती. आई भिंतीवर आली. "चु..." म्हणाली, आणि गायब! वनिता गायब. आई गायब. स्क्रीनवर नुसतं एक चाक. गर गर गर.

काकू फुगल्या. "बघा! बोलता बोलता फोन ठेवला पोरीनं!"

इटुकलीचे डोळे भरले. पण रडून आई दिसते थोडीच? ती निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

गेली स्क्रीनकडे.
"स्क्रीनताई, स्क्रीनताई, माझी आई दाखव ना."
स्क्रीन म्हणाली, "मी तर नुसती काच. ॲप चित्र आणेल, तर मी आई दाखवेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली ॲपकडे. ॲप बसलं होतं चाकाच्या मागे.
"ॲपदादा, ॲपदादा,
स्क्रीन आई दाखवेना.
तू चित्र आण ना."
ॲप म्हणालं, "लांबचं चित्र आणायचं, हे माझंच काम. पण वाटच बंद! वाय-फाय वाट देईल, तर मी चित्र आणेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली वाय-फायकडे. पण वाय-फाय दिसतं का कुठे?
"वाय-फायदादा, कुठे आहेस?"
"इथेच. तुझ्या नाकासमोर. मी हवेतला रस्ता, मी दिसत नाही."
"वाय-फायदादा, वाय-फायदादा,
स्क्रीन आई दाखवेना,
ॲप चित्र आणेना.
तू वाट दे ना."
वाय-फाय म्हणालं, "राउटर डोळे उघडेल, तर मी वाट देईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली राउटरकडे. राउटर म्हणजे भिंतीवरची पांढरी डबी. डोक्यावर दोन शिंगं. वायरीतून नेट येतं, राउटर ते दुकानभर वाटतो. आज मात्र सगळे दिवे विझलेले. राउटर पेंगत होता.
"राउटरकाका, राउटरकाका,
स्क्रीन आई दाखवेना,
ॲप चित्र आणेना,
वाय-फाय वाट देईना.
तुम्ही डोळे उघडा ना."
राउटर जांभई देत म्हणाला, "आऽऽऽ! विजेशिवाय जाग कशी यावी, बाळा? पिन बोर्डात बसेल, तर मी डोळे उघडेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली पिनकडे. पिन वायरीला उलटी लोंबत होती. डुलुक डुलुक.
"पिनताई, पिनताई,
स्क्रीन आई दाखवेना,
ॲप चित्र आणेना,
वाय-फाय वाट देईना,
राउटर डोळे उघडेना.
तू बोर्डात बस ना."
पिन म्हणाली, "बसू कुठे? बोर्डात जागा एकच. मिक्सर जागा सोडेल, तर मी बोर्डात बसेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली मिक्सरकडे. मिक्सर चटणी वाटत होता. घुर्रर्र! घुर्रर्र!
"मिक्सरमामा, मिक्सरमामा..."
"काऽऽय? मोठ्यानं बोल!"
इटुकली ओरडली,
"स्क्रीन आई दाखवेना,
ॲप चित्र आणेना,
वाय-फाय वाट देईना,
राउटर डोळे उघडेना,
पिन बोर्डात बसेना.
तुम्ही जागा सोडा ना!"
मिक्सर म्हणाला, "घुर्रर्र! काकू बटण बंद करतील, तर मी जागा सोडेन."

आता जायचं काकूंकडे. आणि काकूंच्या हाताशी झाडू! इटुकली दोन पावलं मागे सरकली. पण आई बघायची होती ना? सुळुक... सुळुक... गेली.

"अगं बाई, पाल! शुक्! शुक्!" काकूंनी झाडू उचलला.
इटुकलीनं डोळे घट्ट मिटले.
"काकू, काकू, मारू नका.
स्क्रीन आई दाखवेना,
ॲप चित्र आणेना,
वाय-फाय वाट देईना,
राउटर डोळे उघडेना,
पिन बोर्डात बसेना,
मिक्सर जागा सोडेना.
तुम्ही बटण बंद करा ना."

काकू म्हणाल्या, "मी नाही जा! वनिता माझ्याशी बोलेल, तर मी बटण बंद करेन."
"पण काकू, वनिताताई बोलेल कशी? तिची वाटच बंद आहे!"

काकू थबकल्या. स्क्रीनकडे बघितलं. चाक गर गर. राउटरकडे बघितलं. अंधार. वायरीवरून बोट फिरवत फिरवत खाली आल्या. पिन डुलुक डुलुक.

"अगं बाई! पोरीनं फोन ठेवलाच नाही. चटणीसाठी पिन मीच उपटली!"

काकूंनी झाडू टाकला.
काकूंनी बटण बंद केलं. टक्!
मिक्सरनं जागा सोडली.
पिन बोर्डात बसली. खट्!
राउटरनं डोळे उघडले. लुक लुक, लुक लुक.
वाय-फायनं विचारलं, "पासवर्ड?" पासवर्ड म्हणजे गुपचूप शब्द. मोबाईलला तो पाठ. त्यानं तो हळूच कानात सांगितला, आणि वाय-फायनं वाट दिली.
ॲपनं चित्र आणलं.
स्क्रीननं दाखवलं. कोण?

वनिता! नाक लाल, गाल फुगलेले. "आई, फोन का ठेवलास गं? मी कधीची लावतेय!"
"मी गं? मला वाटलं, तू ठेवलास!"
दोघी हसल्या. हसता हसता काकूंनी पदरानं डोळे पुसले.

आणि मागे, भिंतीवर?
"चुक चुक," आई म्हणाली.
इटुकली धावली, काचेला नाक लावलं. "चुक चुक! चुक चुक!"
"जेवलीस का गं, सोन्या?"
"हो. तीन डास."
"शहाणी माझी."

वनिता म्हणाली, "आई, ठेवू का आता?"
काकूंनी काचेवरच्या इटुकलीकडे बघितलं. "नको गं. राहू दे अजून थोडा वेळ."

काच होती कोमट. आई होती समोर. इटुकली तिथेच झोपली.

गोष्ट आमची वायरीवरून आली,
काचेवर येऊन निजून गेली.