रिकामा फलाट

मिरजेच्या रेल्वे-प्रतिकृतींच्या प्रदर्शनात अच्युतरावांनी आपलं छोटं स्टेशन मांडलं आणि मगच त्यांच्या लक्षात आलं. नखाएवढ्या प्रवाशांची डबी घरीच राहिली होती! दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

दहाला येणारे परीक्षक जगदाळेसाहेब अकराला तोऱ्यात आले. "फलाटावर एक माणूस नाही? हे कसलं स्टेशन! बाद!" म्हणत त्यांनी कागदावर 'बाद' लिहिलंही.

शेजारी रूळ पुसत बसलेला अच्युतरावांचा दोस्त नरहरी शांतपणे म्हणाला, "माणसं होती की, साहेब! सगळी दहाच्या गाडीनं गेली. आमची गाडी पाहुण्यांसाठी थांबत नाही."

मंडपात हशा पिकला. साहेबांनी ओशाळून 'बाद' खोडलं.

दुसऱ्या दिवशी डबी आली. अच्युतरावांनी फलाटावर पहिला माणूस चिकटवला, तो नरहरीसारख्या झुपकेदार मिशा रंगवूनच.