चिमट्याने दिलेली हजेरी

अवजारं बोलायची त्या काळातली गोष्ट. एका दवाखान्यात रीतच होती, ऑपरेशन झालं की टाके घालण्याआधी कृष्णाबाई नर्स हजेरी घ्यायच्या आणि प्रत्येकानं ट्रेमधून "हजर!" म्हणायचं.

त्या दिवशी गोदाक्काच्या पोटाचं ऑपरेशन होतं. सगळ्यांत धाकटी गॉजची घडी रक्त टिपून टिपून दमली आणि पोटातल्या उबेत तिथंच झोपी गेली. हजेरीत तिचं नाव आलं. म्हाताऱ्या चिमट्याची तिच्यावर भारी माया. पोरीला बोलणी बसू नयेत म्हणून त्यानंच आवाज बारीक करून "हजर!" म्हटलं.

सुई टाके घालू लागली. पोट मिटत चाललं, तसा चिमट्याचा जीव खालीवर होऊ लागला. शेवटच्या टाक्याला मात्र तो ओरडलाच, "थांब गं सुई! घडी आत आहे. मी खोटं बोललो."

टाके उसवले. चिमट्यानंच घडीला अलगद बाहेर काढलं.

"बाई, मायेपोटी केलं हो," तो खाली मान घालून म्हणाला.

"तुझी माया मला ठाऊक आहे रे," कृष्णाबाई त्याला पुसत म्हणाल्या, "पण ती गोदाक्काच्या पोटात कुजली असती."